त्रेसष्ट घरं ग्रीनवुडांची

१

मेहरबी नवऱ्याच्या चाळिसाव्याचा फातेहा देऊन दर्ग्याहून परत आली, तेव्हा तिच्या घराला दुसऱ्याच कोणाचं तरी कुलूप होतं. दारावर जिनिंग कारखान्याच्या शेठजींची चिठ्ठी डकवलेली. मेहरबीला वाचता येत नव्हतं. तिच्या तेरा वर्षांच्या मुलीने, हुस्नाबानोने, ती भर रस्त्यात मोठ्याने वाचली आणि मग जन्मभर त्या वाचण्याचा पस्तावा केला.

‘कै. टॉमस हेन्री ग्रीनवुड यांच्या विलायतेतील भावाचे पत्र आले आहे. कै. ग्रीनवुड अविवाहित होते. वारस येईपर्यंत घर कारखान्याच्या ताब्यात राहील.’

ही सत्तावीस सालची गोष्ट. वाशीम स्टेशनाजवळच्या त्या जिनिंगमध्ये ग्रीनवुड चौदा वर्षं फिटर होता. इंजिन बिघडलं की माणसं देवाआधी त्याला हाक मारायची. हिवतापाने गेला बिचारा. आणि आता गावाला कळत होतं की त्याने चौदा वर्षं जिला बायको म्हटलं, ती बायकोच नव्हती.

मायलेकी एका ओळखीच्या घराच्या पडवीत जाऊन राहिल्या आणि मेहरबीने दिवाणी कोर्टात अर्ज टाकला. तो फिरत फिरत माझ्या टेबलावर आला. मी रामराव, त्या कोर्टात इंग्रजी कागदांचं मराठी आणि मराठीचं इंग्रजी करणारा कारकून. बावीस वर्षं दुसऱ्यांचे शब्द इकडून तिकडे वाहून नेत होतो. डोळे गेले होते, कंबर गेली होती, नोकरी तेवढी राहिली होती.

अर्जासोबत निकाहनामा होता आणि शेठजींनी हजर केलेलं विलायती पत्र होतं. पत्र लिहिणारा जेम्स हेन्री ग्रीनवुड. लँकेशायरमधल्या एका गिरण्यांच्या खोऱ्यात राहणारा. तो म्हणत होता, टॉमस हेन्री माझा सख्खा भाऊ, आमचे वडील हेन्री ग्रीनवुड, टॉमसने लग्न केलेलं नाही.

निकाहनाम्यात काझींनी नवऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं, ‘वल्द एबल’. म्हणजे एबलचा मुलगा.

माझ्याने राहवलं नाही. लाल शाई घेतली आणि समासात शेरा मारला, ‘पतीच्या वडिलांचे नाव हेन्री असता निकाहनाम्यात एबल लिहिले आहे. दस्तऐवज संशयास्पद.’ खाली सही ठोकली आणि दुसरा कागद ओढला.

मुन्सफसाहेबांनी, म्हणजे आमच्या दिवाणी न्यायाधीशांनी, तो शेरा वाचून मान डोलावली. “रामराव, सासऱ्याचं नाव माहीत नसलेली सून मी पहिल्यांदाच पाहतो आहे.”

बाहेर व्हरांड्यात मेहरबी उभी होती. मी घरी निघालो तशी माझ्यापुढे आली आणि म्हणाली, “भाऊ, माह्या पोरीले लोक आता काय म्हनतीन, ते तुमी लिवलं का त्याच्यात?”

२

मुन्सफसाहेब माणूस चोख. नुसत्या पत्रावर घर द्यायला तयार होईनात. “त्या भावाला पत्र घाला,” ते म्हणाले. “आणि इथे कोणाला काय ठाऊक आहे, ते तुम्ही विचारून या.”

पत्रावर रस्ता नव्हता, घरनंबर नव्हता, नुसतं नाव आणि खोरं. मी तिथल्या पोस्टमास्तरला लिहिलं. दीड महिन्याने उत्तर आलं ते एका पाद्र्याचं. पोस्टमास्तरने हात टेकून कागद त्याच्याकडे सरकवला होता. पाद्री लिहीत होता, ‘महाशय, आमच्या खोऱ्यात ग्रीनवुड आडनावाची त्रेसष्ट घरं आहेत. त्यांत जेम्स अकरा. आपल्याला कोणता हवा?’

मी कपाळाला हात लावला. आपल्याकडे एखाद्या गावात अर्धं गाव एका आडनावाचं असतं, हे मला नवं नव्हतं. पण दर्यापारही तीच रड असेल, असं वाटलं नव्हतं. मी परत लिहिलं की हेन्री ग्रीनवुडचे मुलगे जेम्स आणि टॉमस, पैकी टॉमस हिंदुस्थानात गेलेला, असं घर शोधा. ते पत्र टाकलं आणि तोवर गावात फिरायला लागलो.

पहिला सैफुद्दीन. त्याचं लोखंडी सामानाचं दुकान स्टेशनाजवळ, मेहरबीच्या घराला लागून. गोदामासाठी त्याला ती जागा हवी होती, हे सगळ्या वाशीमला ठाऊक. अमरावतीला मॅट्रिकपर्यंत शिकलेला. त्याच्या दुकानात विलायती कंपन्यांचे लिफाफे यायचे, अगदी त्या पत्राच्या लिफाफ्यासारखे.

“जागा मले पाह्यजे होती, हे कायले लपवू?” तो म्हणाला. “साहेबाले मी दहा डाव इचारलं. पर हे पत्राचं काम माहं नाई. साहेबाचा नेमणुकीचा कागद मी पाह्यला हाय, मुन्शीजी. त्याच्यावर बापाचं नावच नाई. वल्द अमुक, वल्द तमुक, काहीच नाई. बिना वल्दियतचा मानूस, त्याचा भाऊ कोन वळखन?”

मला वाटलं, हा विषय टाळतो आहे. नेमणुकीच्या कागदावर टॉमस हेन्री ग्रीनवुड असं ढळढळीत लिहिलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

दुसरा मेहरबीचा भाऊ रऊफ, सुतार. गोरा कलमा पढलेला होता, तरी बहिणीने त्याच्याशी निकाह केला म्हणून चौदा वर्षं तिच्याशी बोलला नव्हता. ती पडवीत राहते आहे हे सांगितलं तरी रंधा थांबला नाही.

“निकाहाला गेला होतात तुम्ही?” मी विचारलं.

“गेलतो. आत नाई गेलो. भाईर उभा होतो भितीले टेकून.” रंधा थांबला. “काझीसाहेबानं तीनदा पुकारलं, वल्द एबल, वल्द एबल. मले वाटलं, जाऊ दे, बापाचं नाव तरी सांगतलं बेट्यानं. मंग मी निंगून आलो.”

बहिणीचा मामला म्हणून हाही तिच्या बाजूने खोटं बोलतो आहे, असं मी टिपून ठेवलं. पण जिने तोंड काळं केलं असं तो चौदा वर्षं म्हणत होता, तिच्यासाठी तो खोटं कशाला बोलेल, हा प्रश्न मला घरी जेवायला बसल्यावर पडला.

३

तिसरा माणूस इंद्रभान. जिनिंगचा हेडक्लार्क आणि माझा साडू. माझी बायको गोजराबाई आणि त्याची बायको तुळसाबाई सख्ख्या बहिणी. त्याला काय विचारायचं, असं वाटत होतं, पण विलायती टपाल त्याच्याच हातातून जायचं, म्हणून दुपारी त्याच्याकडे गेलो.

“या साडभाऊ,” तो म्हणाला. “टपाल आलं, मी फोडलं, शेठजीले देल्लं. बस. मले त्या घराचं काय करा लागते?”

तुळसाबाईने ताक आणून ठेवलं. भाड्याच्या दोन खोल्या, चार मुलं, वरून गळणारी कौलं. “भाऊजी, आता जास्त दिस नाई राह्यले हे,” ती हसून म्हणाली. “यायले क्वाटर भेटनार हाय म्हनतेत. स्टेशनाजवळ.”

“गप वं,” इंद्रभान म्हणाला. “अजून कशात काई नाई.”

मी ताक प्यालो आणि उठलो.

शेवटी मेहरबीकडे गेलो. पडवीत चूल, दोन गोधड्या आणि साहेबाची हत्यारांची पेटी. मला बसायला तिने तीच पेटी पुढे केली.

“तो त्याच्या गावाचं काही सांगायचा का?” मी विचारलं. “आईबापाचं?”

“सांगे ना. हासून हासून सांगे. म्हने, आमच्या गावात सारेच ग्रीनवुड, आडनावानं हाक मारली तं अर्धा बजार वळून पायते. म्हून आडनाव कोनी घेतच नाई. मले तिथं म्हनत, सॅमचा एबल, एबलचा टॉम. सॅम त्याचा आजा.” ती पदराशी चाळा करत होती. “हुस्ना लहान होती तवा तिले झोपवताना हेच म्हने. सॅमचा एबल, एबलचा टॉम, टॉमची हुस्ना.”

हुस्नाबानो कोपऱ्यात पाठमोरी बसली होती. मला ते सगळं रचलेलं वाटलं. खरं सांगायचं तर मला काहीच वाटत नव्हतं, मी फक्त थकलो होतो. बाराखडी शिकवल्यासारखं तिने ते मुलीला पढवलं असेल, एवढं मनात म्हणून मी ते वहीत टिपलं आणि निघालो.

“भाऊ,” ती मागून म्हणाली, “तुमी सारं इचारलं. मी त्याची बायको व्हती का, हे नाई इचारलं.”

४

पाद्र्याचं दुसरं पत्र पोळ्याच्या सुमारास आलं. जाडजूड. भल्या माणसाने त्रेसष्टही घरांची यादी करून पाठवली होती. कुटुंबप्रमुख, बायको, मुलं, कोण हयात, कोण मयत. सोबत लिहिलं होतं, ‘हेन्री नावाचे कुटुंबप्रमुख सहा. एकाचाही मुलगा हिंदुस्थानात गेलेला नाही. बाकीची घरे आपणच ताडून पाहावीत.’

मी ते सहा हेन्री तपासले. पाद्र्याचं खरं होतं. तसं मुन्सफसाहेबांना सांगितलं.

“म्हणजे भाऊ खोटा,” ते म्हणाले, “आणि सासऱ्याचं नाव न कळणारी बायकोही खोटी. मग वारस कोणीच नाही. जमीन मुळात कारखान्याची. घर कारखान्याला जाईल. सोमवारी निकाल देतो.”

तो शुक्रवार होता.

शनिवारी मी यादीचं मराठी करायला बसलो. निकालाच्या फायलीला सगळ्या कागदांचं भाषांतर लावावं लागे, कोणी वाचो न वाचो. त्रेसष्ट घरं. बैलासारखं स्वतःला जुंपून घेतलं. पहिल्या घरात बाप विल्यम, मुलगे जॉन एडवर्ड आणि आर्थर सॅम्युएल. दुसऱ्यात बाप जॉन, मुलगे हेन्री टॉमस आणि फ्रेडरिक. तिसऱ्यात, चौथ्यात, पाचव्यात तेच. नावांनी डोकं उठलं.

नवव्या घराला माझी लेखणी थांबली.

एकाच घरात सख्ख्या भावांची मधली नावं वेगवेगळी होती. जॉन एडवर्ड आणि आर्थर सॅम्युएल एकाच बापाचे, आणि बाप विल्यम! मी परत पहिल्यापासून बोट ठेवून आलो. नऊ घरं, सव्वीस मुलं. मधल्या नावाशी बापाच्या नावाचा काडीचा संबंध नव्हता. पोरीबाळींनाही दोन दोन नावं. मधलं नाव त्यांच्यात बापाचं नसतंच! ते त्या माणसाचंच दुसरं नाव.

बावीस वर्षं इंग्रजी कागद वाचत आलो, आणि रामराव जगदेव म्हणजे जगदेवचा रामराव, या हिशेबाने मी प्रत्येक गोऱ्याचा बाप ठरवत आलो. कोणी कधी टोकलं नाही, कारण आजवर कोणाचं काही अडलं नव्हतं.

आता मी हेन्री शोधत नव्हतो. पानं उलटत गेलो. एकेचाळिसावं घर.

‘एबल ग्रीनवुड, विणकर, मयत. पत्नी सारा, हयात, वय ७९. मुले, जॉन विल्यम, लढाईत मयत. टॉमस हेन्री, फिटर, हिंदुस्थानात. मेरी अ‍ॅन, विवाहित. टॉमसचे पत्र वर्षभरात नाही, आई चौकशी करते.’

आणि पुढे कंसात, पाद्र्याने प्रत्येक घराला लिहिली होती तशी, गावातली ओळख. ‘सॅमचा एबल.’

५

मेहरबी खरी होती. मग ते पत्र कोणी लिहिलं?

ज्याने लिहिलं, त्याने टॉमस हेन्रीला भाऊ द्यायचा म्हणून जेम्स हेन्री रचला, आणि दोघांना बाप म्हणून हेन्री दिला. मी केली तीच चूक त्याने केली होती. विलायतेतला कोणीही ती करणार नाही. म्हणजे पत्र इथलं. लिफाफा आणि तिकीट तेवढं खरं, कुठल्या तरी विलायती कंपनीच्या टपालातलं.

सैफुद्दीन? त्यांच्यात बाप ‘वल्द’ म्हणून लिहावा लागतो. महंमद सैफुद्दीन म्हटलं तर त्यांच्यात कोणी महंमदला बाप समजत नाही. म्हणूनच तर तो म्हणाला होता, साहेबाच्या कागदावर बापाचं नावच नाही. तो बरोबर होता, मी त्याला लबाड समजलो होतो. त्याने पत्र रचलं असतं तर बापाच्या नावाला हातच घातला नसता.

रऊफ? त्याने तीनदा एबल ऐकलं होतं. त्याने कोणाकडून लिहून घेतलं असतं तरी एबलच सांगितलं असतं.

म्हणजे असा माणूस हवा, ज्याला इंग्रजी लिहिता येतं, विलायती लिफाफे ज्याच्या हाताखाली असतात, आणि जो घरी मधल्या नावाला बाप समजत वाढला. वाशीमात असे दोघे होते. एक मी. दुसऱ्याची बायको मला ताक देताना स्टेशनाजवळच्या क्वार्टरबद्दल बोलली होती. रचलेला भाऊ कधीच येणार नव्हता, आणि घर कारखान्याकडे राहून क्वार्टर म्हणून मिळणार होतं.

रविवारी सकाळी मी इंद्रभानकडे गेलो. तो अंगणात दाढी करत होता. मी यादी त्याच्यापुढे धरली आणि एकेचाळिसाव्या घरावर बोट ठेवलं.

त्याने वाचलं. परत वाचलं. चेहऱ्यावरचा साबण सुकत चालला.

“मंग हेन्री कोन होता?” त्याने विचारलं.

“कोणी नाही. त्याचंच नाव.”

त्याने वस्तरा पुसून मिटला. “चौदा वर्स त्याची बिलं, अर्ज, कंपनीची उत्तरं मी लिवली, साडभाऊ. थो यंत्रातला, कागदातला नाई. ते जागा मी मांगतली होती शेठजीले, त्याच्या आंधी. मले म्हने पुढच्या साली. त्याले लगेच देल्ली. थो मेला तवा वाटलं, आता तरी. त्या बाईचं कोन पायते, असं वाटलं.” मग त्याने आवाज खाली आणला. “तुमीच तं तिचा कागद संशयास्पद लिवला. म्या तं म्हटलं, साडभाऊनं सांभाळून घेतलं.”

मला ते फार लागलं. मी काहीही सांभाळून घेतलं नव्हतं. पण परिणाम तोच झाला होता, आणि त्याने तसं समजावं यात नवल नव्हतं.

“यायचं नाव सांगू नका,” तुळसाबाई म्हणाली. ती दारात केव्हा आली, कळलं नाही. “भाऊजी, चार लेकरं हायेत. ते पत्र खोटं हाय एवढंच सांगा. घर तिले भेटते ना? मंग झालं.”

६

सोमवारी मी मुन्सफसाहेबांपुढे यादी ठेवली आणि सगळं समजावलं. निकाहनाम्यातला एबल, पाद्र्याच्या यादीतला एबल, मेहरबीने सांगितलेली गावातली ओळख. ती पाद्र्याचं पत्र येण्याच्या कितीतरी आधी तिने सांगितली होती आणि मी मूर्खासारखी वहीत टिपून ठेवली होती. नवऱ्याशिवाय ती तिला कोण सांगणार होतं?

साहेबांनी चष्मा काढला. “मीसुद्धा हेन्रीलाच बाप समजलो,” ते म्हणाले. मग माझ्याकडे रोखून पाहिलं. “पण रामराव, तुमच्या या तर्काने पत्र तुम्हीही लिहिलेलं असू शकतं.”

“हो साहेब.”

“मग?”

मला तुळसाबाई दिसत होती. पण नाव नाही सांगितलं तर गावात कुजबूज राहणार होती की गोऱ्याचा भाऊ खरा होता, कोर्टाने बाईची दया केली. हुस्नाच्या लग्नापर्यंत ती कुजबूज पुरली असती. मी इंद्रभानचं नाव सांगितलं.

निकाल मेहरबीच्या बाजूने लागला. टॉमस ग्रीनवुडची धर्मपत्नी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. इंद्रभानला दीड वर्षाची सजा झाली. तुळसाबाई मुलांना घेऊन माझ्या घरी राहायला आली. ती गोजराबाईशी बोलायची, माझ्याशी नाही. मी जेवायला बसलो की ती उठून परसात जायची. आजही मला कळत नाही, मी बरोबर केलं की नाही. केलं, एवढं खरं.

निकालाची नक्कल द्यायला मी स्वतः गेलो. घर उघडं होतं, रऊफ खिडकीची चौकट बसवत होता. बहीणभाऊ बोलत नव्हते, पण तिने त्याच्या शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला होता. मी नक्कल वाचून दाखवली. मेहरबीने ऐकून घेतली. आभार मानले नाहीत आणि मलाही ते नको होते.

“त्याची माय जित्ती हाय म्हनता?” तिने विचारलं.

“एकोणऐंशी वर्षांची. मुलाच्या पत्राची वाट पाहते.”

“मंग लिवा.”

मी उकिडवा बसून कागद गुडघ्यावर घेतला. ती भिंतीकडे पाहत सांगत होती आणि मी इंग्रजीत उतरवत होतो. तुमचा टॉम माघ महिन्यात तापानं गेला. लय तरास झाला नाई. शेवटच्या दिशी इंजिनाचंच बोलत होता. त्याले इथं सारे मानत होते. एक पोरगी हाय, डोये तुमच्यावर गेले असं थो म्हने.

ती थांबली. खाली कोणाचं नाव घालायचं ते मी विचारलं.

“माहं नाव त्याहिले काय कळते?” ती म्हणाली. “तुमी कोर्टात लिवून घेतलं ना मी कोन हाय? सात म्हयने घातले त्याच्यात. तेच लिवा.”

मी लिहिलं, ‘आपली सून.’ तिने अंगठा उमटवला. मग हुस्नाबानोला बोलावलं, आणि माझ्यावर विश्वास नसल्यासारखं म्हणाली, “वाच वं, बराबर लिवलं का त्यायनं.”

मुलगी मोडकंतोडकं इंग्रजी अक्षर अक्षर लावत वाचत गेली. शेवटच्या ओळीवर आली, आणि तिथे ती रडायला लागली. मेहरबीने तिला जवळ ओढलं. मी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पोस्ट बंद व्हायच्या आत निघालो.